मुलं मोठी झाली आणि बाथरूम गळायला लागलं: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

भिशीत, लग्नात, जिन्यात, नेरूळ स्टेशनवर, कुठेही भेटा, लोक मला फिरून फिरून हेच विचारतात. आधी थोडी माहिती देते म्हणजे मधेच कोणी "हे कोण" विचारायला नको. आमचा नवी मुंबईत नेरूळला सिडकोचा वन बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. १९९४ साली घेतला, तेव्हा वाशीपर्यंत लोकल येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि नातेवाईक म्हणायचे एवढ्या लांब कोण येणार तुमच्याकडे. घरात मी, हे म्हणजे आमचे रिटायर्ड साहेब, आणि धाकटी, वय २७, नोकरी करते. मोठा आणि सूनबाई दोन गल्ल्या सोडून भाड्याने राहतात. गेल्या नोव्हेंबरात आमचं बाथरूम पूर्ण फोडून नवीन केलं आणि तेव्हापासून प्रश्न डबल झालेत, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

मुलगा इथेच नेरूळला राहतो, मग वेगळा कशाला? भांडण झालं का?

नाही झालं. माहितीये, ऐकून जरा निराशा होते लोकांची. लग्नानंतर आठ महिने ते इथेच होते. बेडरूम त्यांना दिली, आम्ही दोघं हॉलमध्ये सोफा कम बेडवर, धाकटी खाली गादीवर. पाच मोठी माणसं आणि बाथरूम एक. सूनबाई ऐरोलीला कंपनीत, तिची शिफ्ट संपून ती रात्री एकला घरी येणार, हे पहाटे पाचला उठून चहाचं भांडं आपटणार, सकाळी साडेसात ते साडेआठ बाथरूमच्या दाराशी रांग, म्हणजे अगदी रेशनच्या दुकानासारखी, फक्त कार्ड नव्हतं हातात. शेवटी मीच म्हटलं की बाबांनो घर बघा, पण जवळ बघा. हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मुलगा मात्र त्याच संध्याकाळी ब्रोकरला फोन लावून बसला होता, त्यावरून काय ते समजा.

मग जेवायला रोज तुमच्याकडेच? तुम्ही दमत नाही का?

दमायचे, आता नाही. पहिले दोन-तीन महिने मी रोज पाच जणांचा स्वयंपाक करून बसायचे आणि साडेनऊला फोन यायचा, आई आम्ही बाहेरच खाल्लं गं, मग सकाळी अकरा पोळ्या उरलेल्या, त्याची फोडणीची पोळी, दुसऱ्या दिवशी परत फोडणीची पोळी, चौथ्या दिवशी ह्यांनी ताट बघून नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी मी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, नाव ठेवलं "पोळ्या किती". दुपारी चारला मी एकच शब्द टाकते, "किती?" सहापर्यंत ज्याने त्याने आकडा टाकायचा. मोठा ४, सूनबाई २, धाकटीचा मूड असेल तर २ नाहीतर ०. आकडा नाही तर पोळी नाही, भात-आमटी आहे ती खा, पोट भरेल. हे घरातच असून ग्रुपवर ३ टाकतात, मी समोर बसलेली असते तरी.

बुधवारी त्यांच्याकडे जेवतो आम्ही. हे सोपं वाटतं पण मला जड गेलं, खरं सांगते. पहिल्या बुधवारी मी लवकर जाऊन बसले, सूनबाई आमटीला फोडणी देत होती, माझे हात शिवशिवत होते, तर मी तिची कढई घासली, ओटा पुसला आणि मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या माझ्या घरच्यासारख्या लावून टाकल्या, मोहरी उजवीकडे, हळद मधे. ती काहीच बोलली नाही. पुढच्या बुधवारी डबा उघडला तर मोहरी परत डावीकडे. तेव्हापासून मी बाहेर खुर्चीत बसते आणि वाढलेलं खाते. तिची आमटी माझ्यापेक्षा पातळ असते. चांगली लागते.

पोळ्या अजून स्वतः करता? बाई लावली नाही?

लावली होती. आता नाही. बस एवढंच.

मुलं घरखर्चाला पैसे देतात का? आणि घ्यावेत का?

माझ्या नणंदेच्या मते मुलांकडून पैसे घेणं म्हणजे पाप, आणि भिशीतल्या एका वहिनींच्या मते न घेणं म्हणजे मुलांना लाडावून ठेवणं. आमच्याकडे धाकटीने नोकरी लागल्यावर पहिल्या पगाराचे दहा हजार आणून माझ्या हातात ठेवले, मी देवापुढे ठेवले आणि संध्याकाळी तिच्या अकाउंटला परत टाकायला सांगितले, तर ती रडली. मला वाटलं आनंदाने रडतीये. नंतर कळलं तिला राग आला होता, की मला तुम्ही अजून लहानच समजता. मग बिलं वाटून घेतली. लाईटबिल, पाईप गॅसचं बिल आणि वायफाय तिचं, ती परस्पर भरते, मला आकडाही माहीत नसतो. मोठा महिन्याचं किराणा सामान भरतो कारण जेवतो तोच जास्त. मेंटेनन्स आमचं. रोख पैसे हातात दिले-घेतले की कोणाला तरी अवघडल्यासारखं होतं, बिल भरलं की होत नाही, का ते मला विचारू नका.

लीकेज आहे हे कसं कळलं?

आम्हाला नाही कळलं, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना कळलं. त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आली, मग पिवळा डाग, मग थेंब. त्या वर आल्या हातात मोबाईल आणि फोटो घेऊन, खूप शांतपणे बोलल्या, त्यामुळे जास्तच लाजल्यासारखं झालं. हे म्हणाले पावसाचं असेल. ऑक्टोबर संपत आलेला, कसला पाऊस.

पण नक्की कुठून गळतंय हे कसं शोधायचं? मिस्त्री तर लगेच म्हणतो सगळं फोडा.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून नीट सांगते. पाणी दोन प्रकारे गळतं. एक म्हणजे नळाची लाईन, जिच्यात पाण्याचं प्रेशर असतं, ती फुटली असेल तर तुम्ही बाथरूम वापरा नाहीतर गावाला जा, गळतच राहणार. दुसरं म्हणजे सांडपाण्याचं, नहाणी ट्रॅप म्हणजे जाळीखालचं पाणी जायचं भांडं, कमोडचा जॉइंट, टाईल्सच्या फटी, हे आंघोळ झाली की वाढतं आणि घर बंद असलं की कमी होतं. आमच्याकडे धाकटीने काय केलं, शनिवारी रात्रीपासून बाथरूम वापरणं बंद केलं पण मेन वॉल्व्ह चालूच ठेवला, रविवारी दिवसभर आम्ही सगळे मोठ्याकडे आंघोळीला, आणि खालच्या वहिनींना सांगितलं दर चार तासांनी छताचा एक फोटो पाठवा. गळणं कमी झालं पण थांबलं नाही. मग सोमवारी जाळी फडक्याने बंद करून बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरलं, मेन वॉल्व्ह बंद केला आणि पट्टीने खूण केली. दुसऱ्या दिवशी पाणी खुणेच्या बरंच खाली आणि खाली वहिनींकडे टपटप वाढलेली. म्हणजे दोन्ही होतं आमच्याकडे, जुनी लोखंडी जीआय लाईन गंजलेली आणि फरशीही गेलेली. मिस्त्री बरोबर होता पण निदान आम्हाला माहीत होतं की तो बरोबर आहे.

आणि एक लक्षात ठेवा, जुन्या बांधकामात बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली असतो आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. तो कोबा स्पंजसारखा पाणी पितो. त्यामुळे पाणी मुरतं एका कोपऱ्यात आणि बाहेर पडतं भलत्याच कोपऱ्यात, डाग दिसतो तिथेच वर फोडायला घेऊ नका.

खर्च कोणाचा? सोसायटी देते ना?

तुमच्या बाथरूममधून, किचनच्या सिंकमधून गळत असेल तर खर्च तुमचा. गच्चीतून पावसाचं पाणी, बाहेरची कॉमन पाईपलाईन, ड्रेनेज, हे सोसायटीचं, सोसायटीच्या आदर्श उपविधीत, म्हणजे नियमावलीत, तसं स्पष्ट आहे. ह्यांनी तरीही मीटिंगमध्ये हात वर करून विचारलंच की ३० वर्षांच्या पाईपची जबाबदारी मेंबरवर कशी. सेक्रेटरींनी उत्तर दिलं नाही, फक्त पुढचा विषय घेतला. खालच्या वहिनींच्या छताचा रंगसुद्धा आम्हीच करून दिला, त्यांनी मागितला नव्हता, पण ३० वर्षं दिवाळीला करंज्यांचं ताट वर येतं त्यांच्याकडून.

किती दिवस लागले? तेवढे दिवस कसं केलंत?

मिस्त्री म्हणाला आठ दिवस. एकोणीस लागले. त्यात त्याचा दोष तीन-चार दिवसांचा, बाकीचं काम असंच असतं. टाईल्स फोडायच्या, जुना कोबा काढून स्लॅबपर्यंत जायचं, तिसऱ्या मजल्यावरून डेब्रिजच्या गोण्या खाली उतरवायच्या, जुन्या लाईन काढून सीपीव्हीसीच्या म्हणजे प्लास्टिकच्या टाकायच्या, मग भिंत आणि जमीन जिथे मिळते तिथे सिमेंटचा वाटा म्हणजे कोपरा गोलसर करायचा, त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, मग परत पाणी भरून ठेवायचं. आमचं ४८ तास ठेवलं होतं. इथे मिस्त्री घाई करतो, करू देऊ नका. पाणी भरलेलं असताना खाली जाऊन छत बघा, कोरडं असेल तरच पुढचा कोबा आणि टाईल्स. नंतर कळून काही उपयोग नाही, नंतर म्हणजे परत फोडा.

एकोणीस दिवस आंघोळ मोठ्याकडे. सकाळी सव्वासहाला आमची वरात निघायची, पुढे हे, खांद्यावर पंचा, हातात प्लास्टिकची बादली, बादलीत साबण, तांब्या, बनियन, मागे मी कपड्यांची पिशवी घेऊन. त्यांच्याकडे बादली, मग, सगळं आहे, पण ह्यांना स्वतःची बादली लागते. त्यांच्या बिल्डिंगचा वॉचमन तिसऱ्या दिवसापासून रजिस्टर पुढे करायचा बंद झाला आणि दहाव्या दिवशी म्हणाला, काका, आज पण? सूनबाई रात्री उशिरा झोपलेली असायची म्हणून आम्ही चपला बाहेर काढून चोरासारखे आत जायचो. एकदा ह्यांच्या हातून तांब्या पडला बाथरूममध्ये, असा आवाज झाला की मी हॉलमध्ये डोळेच मिटून घेतले. ती उठून आली, केस विस्कटलेले, मला बघितलं, म्हणाली आई चहा टाकू? आणि टाकला. मी "राहू दे गं" म्हणणार होते, पण मसाल्याचा डबा आठवला आणि गप्प बसून चहा घेतला.

रात्रीची सोय काय, असंही विचारतात बायका हळूच. सिडकोच्या जुन्या घरात संडास आणि बाथरूम वेगळं असतं, त्यामुळे आमचं संडास चालू होतं. नसेल तुमचं तर जवळपास कोणाचं तरी घर आधी ठरवून ठेवा.

टाईल्स वगैरे कोणी ठरवलं? मुलांनी की तुम्ही?

इथे झालं भांडण. तुम्हाला हवं होतं ना.

ह्यांना हवी होती जुन्यासारखी मोरी, बसून आंघोळ करायला कठडा, आणि पांढऱ्या चकचकीत टाईल्स, कारण पांढऱ्यावर घाण दिसते म्हणजे साफ करता येते. धाकटीला हव्या होत्या करड्या रंगाच्या खरखरीत अँटी-स्किड टाईल्स, कठडा नाही, आणि भिंतीला धरायला स्टीलची दांडी. दांडी म्हटल्याबरोबर हे उठून बाल्कनीत गेले. "मी काय म्हातारा झालोय का? हॉस्पिटल आहे का हे?" धाकटी म्हणाली बाबा, मागच्या वर्षी तुम्ही घसरला होतात. हे म्हणाले घसरलो नव्हतो, बसलो होतो. मी तिथेच होते. घसरले होते.

दोन दिवस विषय बंद. मग मोठा आला, त्याने वाद घातलाच नाही, फक्त विचारलं की बाबा, दांडी आत्ता नाही बसवली आणि पाच वर्षांनी आईला लागली तर नवीन टाईल्स फोडायला लागतील, चालेल का? फोडायला लागतील म्हटल्यावर ह्यांच्या पोटात गोळा. आईसाठी असेल तर लावा, म्हणाले. म्हणजे म्हातारी मी. असू दे.

तुम्ही लावणार असाल तर एक सांगते, टॉवेलची दांडी आणि धरायची दांडी वेगळी असते. टॉवेलच्या दांडीवर माणसाचं वजन टाकलं तर दांडी आणि माणूस दोघंही खाली येतात. धरायची दांडी टाईल लावायच्या आधी मिस्त्रीला दाखवून ठेवायची, कुठे भोक पाडणार, भिंत तिथे किती जाडीची, मागून पाईप जातोय का. आणि पाईप कुठून गेलेत त्याचे फोटो काढून ठेवा टाईल लागायच्या आधी, भिंतीला मोजपट्टी लावून. आमच्याकडे धाकटीने काढले, ग्रुपवर टाकले, "पोळ्या किती" मध्येच.

ढाळ मात्र मी स्वतः बघितला. तांब्याभर पाणी ओतलं कोपऱ्यात, ते जाळीकडे न जाता दाराकडे आलं. मिस्त्री म्हणाला थोडं इकडे-तिकडे होतं मावशी. मी म्हटलं दादा, ते पाणी पुढची तीस वर्षं मी पुसणार की तुम्ही? चार टाईल्स उचलून परत लावल्या त्याने.

आमच्या ह्यांना सगळं स्वतःच दुरुस्त करायचं असतं, काय करू?

आमच्याकडे पण तीच केस. एक पत्र्याचा डबा आहे बिस्किटांचा, त्यात वॉशर, अर्धवट एम-सील, चार प्रकारचे पाने, गेलेल्या नळांचे स्पिंडल. २०१९ मध्ये कॅलेंडर लावायला ड्रिल मारलं ते थेट कन्सील्ड पाईपमध्ये, हॉलमध्ये कारंजं. आता वाटणी केलीये. वॉशर बदलणं, दाराला तेल, कडी, मिक्सरचं भांडं, हे त्यांचं राज्य. लाईट आणि गॅस नाही म्हणजे नाही. गॅसची लाईन हलवायची असेल तर गॅस कंपनीचाच माणूस लागतो. आणि लाईटचं म्हणाल तर जुन्या घरात अजून फ्यूजची किटकॅट असेल तर आधी ती बदला, आरसीसीबी लावून घ्या, घरात ३० मिलीॲम्पियरचा लावतात, बाथरूममध्ये गीझर असेल तर फार गरजेचा, शॉक लागला तर तो क्षणात लाईन तोडतो. आमच्याकडे बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात तीनदा ट्रिप झाला, हे म्हणाले खराब माल आहे. इलेक्ट्रिशियनने शोधून काढलं, जुना गीझरच लीक करत होता करंट. इतकी वर्षं आम्ही त्याखाली आंघोळ करत होतो.

छताचे पोपडे पडतात, पुट्टी मारली तर चालेल का?

नुसता रंगाचा पोपडा असेल तर चालेल. पण प्लास्टर फुगून खाली सळई दिसत असेल तर नाही. सळई गंजली की फुगते, जागा जास्त घेते, आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडते. त्यावर पुट्टी म्हणजे फोडावर पावडर. गंज साफ करून, त्यावर कोटिंग करून मग भरायला लागतं, आणि सोसायटीला लेखी कळवा. बिल्डिंग ३० वर्षांच्या वर गेली की उपविधीप्रमाणे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, १५ ते ३० मध्ये दर पाच वर्षांनी. तुमच्या सोसायटीचं शेवटचं कधी झालं, विचारा एकदा मीटिंगमध्ये. पुढचा विषय घेतला तर परत विचारा.

सूनबाई शाकाहारी ना? मग माशांचं काय?

शाकाहारी आहे, आणि आम्ही रविवारी दिवाळे गावच्या बाजारातून मासे आणणारी माणसं. तिचा तवा वेगळा, खिडकी उघडी, आणि तिच्यासाठी त्या दिवशी वालाचं बिरडं, जे शेवटी सगळेच खातात आणि तिला कमी पडतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा तिची चैन आणि ह्यांचं तोंड उतरलेलं. सुकट भाजायला मला मनाई नाही, पण ती ऑफिसला गेल्यावरच मी भाजते, आणि ती आली की नाक न मुरडता म्हणते, आई, आज सुकट होती वाटतं.

मिस्त्रीला पैसे कसे द्यायचे?

टप्प्याटप्प्याने. सुरुवातीला सामानापुरते, लाईन झाल्यावर काही, पाण्याची टेस्ट पास झाल्यावर काही, आणि शेवटचे निदान दहा टक्के काम संपून आठवडा झाल्यावर. आमचा एकूण खर्च सव्वा लाखाच्या घरात गेला. त्यातले चाळीस मुलांनी घातले, ह्यांना सांगितलं नाही, ह्यांना माहीत आहे.

धाकटीचं लग्न कधी?

तिला विचारा.

आता खाली गळतं का?

पहिला महिना थोडी ओल होती. मुरलेलं पाणी उतरायला वेळ लागतो, त्यामुळे खालच्यांचं छत लगेच रंगवू नका, पूर्ण सुकू द्या, नाहीतर रंग फुगून परत येतो. आता कोरडं आहे, वहिनी अजून अधूनमधून फोटो पाठवतात, काहीच नसलेल्या पांढऱ्या छताचा.

आणि ती दांडी? वापरतं का कोणी?

हे त्यावर पंचा वाळत घालतात. पंचा घालायलाच आहे म्हणतात ती. परवा दार अर्धवट उघडं होतं, मी बघितलं, डाव्या हातात पंचा, उजवा हात दांडीवर घट्ट, एक पाय उचलून घोटा घासत होते. मी गॅसकडे वळले, कुकरची तिसरी शिट्टी झाली होती.